लहान इंजिनाला टर्बो कोणता?

या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून ग्रहताऱ्यांपर्यंत सर्व विषयांचा परामर्श घेतला जातो. त्या मानाने आमचा विषय तेलकट हातांचा आहे. मोटारीच्या लहान इंजिनाला मूळच्यापेक्षा मोठा टर्बो बसवावयाचा झाल्यास तो कसा निवडावा, एवढाच तो विषय. मोटार ज्यांना केवळ ऑफिसात नेऊन सोडण्यापुरती लागते त्यांना यात काय गोडी वाटणार, अशी शंका चालकांनी काढली होती. ती खोटी नाही. परंतु पेठेतल्या वाड्यांच्या जागी आता ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांपैकी प्रत्येकीच्या तळघरात दहावीस मोटारी असतात, आणि त्यांतल्या कित्येकींच्या पोटात टर्बो फिरत असतो. तो काय करतो हे त्या गाडीच्या मालकास ठाऊक असू नये, ही गोष्ट आम्हाला बरी वाटत नाही.

हा विषय सुचला तो आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील एका तरुणामुळे. त्याने जुन्या बाजारातून २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. घेतली होती. ही गाडी २००४ पासून आपल्याकडे विकली जाऊ लागली. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा येथील कारखान्यात ती जुळवली जात असे. इंजिन १७८१ घनसेंटीमीटरचे, चार सिलिंडरांचे, दर सिलिंडरास पाच झडपा. शक्ती १५० अश्वशक्ती. गंमत अशी, की याच घराण्यातले इंजिन युरोपातल्या आर.एस. गाडीत १८० अश्वशक्ती देत असे आणि ऑडीच्या एस-३ व टी.टी. या गाड्यांत २२५ देत असे. आकार तोच, सिलिंडरांचा व्यास तोच ८१ मिलिमीटर, आणि शक्ती मात्र दीडपट. हे ज्याच्या कानावर गेले त्या तरुणाची झोप उडणारच. एके दिवशी तो एक चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला. चिठ्ठीवर तीन टर्बोंची नावे, प्रत्येकापुढे अश्वशक्तीचा आकडा आणि किंमत. तिसऱ्याभोवती लाल शाईचे वर्तुळ.

"काका, हा तिसरा घेतो. तीनशे घोडे मिळतात," तो म्हणाला.

आम्ही विचारले, "तू गाडी किती फेऱ्यांवर चालवतोस?"

हा प्रश्न त्याला त्याच्या चिठ्ठीशी अगदीच विसंगत वाटला. तीन वर्षे पगारातून बाजूला टाकलेली रक्कम त्या लाल वर्तुळात होती. आणि आम्ही विचारतो काय, तर फेरे! पण टर्बोची निवड याच प्रश्नापासून सुरू होते असे आमचे मत आहे, आणि ते का, हेच पुढे सांगावयाचे आहे.

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. पेट्रोल कितीही ओता, ते जाळायला हवा नसेल तर फुकट. चार धावांचे इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेते, म्हणजे आपल्या १७८१ घनसेंटीमीटरच्या इंजिनाच्या वाट्याला एका फेऱ्यास सुमारे ०.८९ लिटर येतात. मिनिटास ६००० फेरे असताना हा हिशेब ५३०० लिटरांच्या वर जातो. पोट कधीच काठोकाठ भरत नाही. नव्वद टक्के भरले असे धरू, म्हणजे उरले ४८०० लिटर. मुंबईच्या ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरचे वजन सुमारे १.१६ किलो भरते, तेव्हा आपल्या इंजिनाने मिनिटाला साडेपाच किलो हवा घेतली. मेस्त्री लोकांचा एक ढोबळ आडाखा आहे, तो बऱ्यापैकी खरा उतरतो: मिनिटास एक किलो हवा म्हणजे साधारण २२ अश्वशक्ती. म्हणजे टर्बो नसता तर हे इंजिन १२० च्या आसपास थांबले असते.

आता पोट तेवढेच ठेवून घास दाबून भरला तर? आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनियराने १९०५ साली जे एकस्व घेतले त्यात हाच विचार होता. इंजिन ज्या गरम वायूंना धुराड्यातून बाहेर फेकते, त्यांतच पुष्कळ शक्ती वाया जाते. त्या वाटेत एक चक्र, म्हणजे टर्बाइन बसवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र, म्हणजे कॉम्प्रेसर. आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. पाणचक्कीने जाते फिरवावे, तसाच प्रकार. फरक एवढाच, की इथले पाणी आठशे-नऊशे अंश तापलेले असते आणि जाते मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. पन्नास मिलिमीटर व्यासाचे चक्र दोन लाख फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड सेकंदाला पाचशे मीटरहून अधिक वेगाने धावते. आवाजाच्या गतीच्या दीडपट. वाटीच्या तोंडाएवढी वस्तू हे सोसते, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

मग हिशेब पुढे नेऊ. हवेचा दाब वातावरणाच्या दुप्पट केला आणि दाबलेली हवा थंड करून ५० अंशांवर आणली, तर घनमीटरचे वजन २.१८ किलोच्या आसपास जाते. तेच ४८०० लिटर आता साडेदहा किलो भरतात, आणि आपण २३० अश्वशक्तीपाशी येऊन पोचतो. ऑडीच्या कारखानदाराने २२५ हा आकडा आकाशातून आणला नव्हता, हे यावरून दिसेल. आपल्या तरुणाच्या ३०० अश्वशक्तीला मात्र साडेतेरा किलोंच्या वर हवा लागते. म्हणजे एक तर दाब अडीचपट करा, नाही तर फेरे आणखी वाढवा, नाही तर दोन्ही थोडथोडे करा.

इथपर्यंत साधा त्रैराशिकाचा हिशेब झाला. खरी पंचाईत पुढे आहे. इंजिनाला एकाच वेगाने जगायचे नसते. २००० फेऱ्यांवर दीडपट दाब असताना हेच इंजिन मिनिटाला पावणेतीन किलो हवा मागते, आणि ६००० फेऱ्यांवर दुप्पट दाबाने साडेदहा. मागणीत जवळजवळ चौपटीचा फरक. एकाच चक्राने दोन्ही मागण्या पुरवायच्या आहेत.

यासाठी टर्बोचे कारखानदार प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा देतात. आडव्या रेघेवर मिनिटाला किती हवा, उभ्या रेघेवर दाब कितीपट. मध्ये वर्तुळाकार रेषा काढलेल्या असतात, अगदी सिंहगड-राजगडच्या सर्वेक्षणाच्या नकाशावर डोंगराची उंची दाखवतात तशा. येथे शिखर म्हणजे सर्वांत अधिक कार्यक्षमता. चांगल्या चक्रात ती ७५ टक्क्यांच्या घरात असते. शिखरापासून दूर जावे तसतशी ती ६५, ६० अशी उतरते. डाव्या अंगाला एक कडा आहे. तिला सर्ज म्हणतात. चक्र मोठे आणि इंजिनाची भूक लहान असली, की दाबलेली हवा पुढे जायला जागा नसल्यामुळे उलटी फिरते, आणि चक्राला अक्षरशः ठसका लागतो. काही तरुणांना हा फर्रफर्र आवाज फार गोड वाटतो. बेअरिंगला तो कसा वाटतो हे त्यांनी विचारलेले नाही. उजव्या अंगाला दुसरी मर्यादा आहे. तेथे चक्राचा घसाच भरून जातो; मग ते कितीही जोराने फिरवा, हवा वाढत नाही, फक्त तापते.

तापते म्हणजे किती? ३० अंशांची हवा दुप्पट दाबली आणि चक्र ७५ टक्के कार्यक्षमतेने चालत असले, तर ती ११८-१९ अंशांवर जाते. तेच चक्र आपल्या आवाक्याबाहेर पळवून ६० टक्क्यांवर आले, की १४० च्या पुढे. चहाच्या आधणाला आपण १०० अंश म्हणतो. यावरून कल्पना यावी. ही हवा इंटरकूलरमधून, म्हणजे हवेसाठीच्या रेडिएटरमधून नेऊन थंड करतात हे खरे. परंतु लहान इंटरकूलर घाटात पाचसात मिनिटांत स्वतःच तापतो. गरम हवा सिलिंडरात गेली की उरलेले पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच फुटू लागते. इंजिन खणखणते, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो. इंजिनाचा संगणक ते ऐकून ठिणगी उशिरा पाडतो, आणि जी शक्ती मिळवण्यासाठी दाब वाढवला ती तेथेच जाते. म्हणूनच लहान टर्बोला मारून मुटकून जादा दाब द्यायला लावणे हा स्वस्तातला उपाय शेवटी महाग पडतो. दाबाचा काटा वर चढलेला दिसतो, गाडी मात्र चढत नाही.

येथे आपल्या प्रांतापुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. नकाशावरचा दाब कितीपट हा आकडा बाहेरच्या हवेच्या मानाने मोजतात. मुंबईत बाहेरचा दाब पूर्ण एक वातावरण असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, तेथे तो साडेसहा टक्क्यांनी कमी. महाबळेश्वर १३५० मीटरांवर, तेथे पंधरा टक्क्यांनी कमी. इंजिनात तेवढाच दाब भरायचा तर मुंबईत जे काम दुप्पट दाबात होते त्याला पुण्यात २.१४ पट आणि महाबळेश्वरी २.३५ पट लागते. हवा तेवढीच, पण नकाशावर ठिपका वर सरकला, आणि चक्राला अधिक जोराने फिरावे लागले. समुद्रकाठच्या शहरी सुखाने चालणारा टर्बो घाटमाथ्यावर मर्यादेला टेकतो, तो असा. मूळच्या छोट्या टर्बोवर आधीच दाब वाढवून घेतलेल्या कित्येक गाड्या उन्हाळ्यात पसरणीच्या घाटात दम का सोडतात, याचे उत्तर यात आहे.

आता दुसऱ्या टोकाचे चक्र, म्हणजे टर्बाइन. अंगणातल्या झाडांना पाणी घालताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार लांब जाते. टर्बाइनच्या गोगलगायीसारख्या घराचेही तसेच. त्याचे तोंड अरुंद असले की थोड्या वायूंनीही चक्र झटकन फिरू लागते. पण वरच्या फेऱ्यांवर तेच तोंड इंजिनाच्या श्वासाला आडवे येते, कारण जळलेले वायू बाहेर पडायला वाट पुरत नाही. तोंड रुंद केले की वर मोकळीक, खाली सुस्ती. कारखानदार हे माप ए-आर या गुणोत्तराने सांगतात: तोंडाचे क्षेत्र भागिले मध्यापासूनचे अंतर. आपल्या तरुणाच्या चिठ्ठीतला तिसरा टर्बो, गॅरेटचा जी.टी. २८६० आर.एस., हा ०.६४ आणि ०.८६ अशा दोन घरांत मिळतो. चक्र तेच, स्वभाव दोन. चिठ्ठीवर यांपैकी कोणते, हे लिहिलेले नव्हते. विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि घेणाऱ्याने विचारले नव्हते.

शिवाय चक्राचे जडत्व आहे. एकाच घडणीच्या दोन चक्रांचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास फक्त एकदशांशाने वाढवा; जडत्व ६१ टक्क्यांनी वाढते. मोठ्या चक्राला तेवढ्याच दाबासाठी थोडे कमी फेरे पुरतात, त्यामुळे सगळा तोटा पदरात पडत नाही; तरी पेडल दाबणे आणि गाडीने उसळी घेणे यांमध्ये जो काळ जातो तो वाढतोच. आगगाडीला सिग्नल मिळाल्यावर ती हलेपर्यंतचा जो काळ, तसाच हा.

या गोष्टीची किंमत एका मोठ्या कंपनीने जगासमोर मोजलेली आहे. १९६६ पासून ग्रां प्री शर्यतींचा नियम असा होता, की इंजिन साधे असेल तर ३००० घनसेंटीमीटरपर्यंत, आणि हवा कोंबणारे असेल तर निम्मे, १५०० पर्यंत. निम्म्या इंजिनाची वाट अकरा वर्षे कोणी धरली नाही. १९७७ च्या जुलैत फ्रान्सची रेनो कंपनी सिल्व्हरस्टोनला दीड लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन घेऊन उतरली. त्यावर एकच मोठा टर्बो होता. शक्ती पाचशे अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे कागदावर कोणाला हार जाणारी नव्हे. पण वळणावर चालक झां-प्येर झाबुई याने पेडल सोडले की ते मोठे चक्र मंदावे, आणि वळण संपवून पुन्हा पेडल दाबले तरी शक्ती यायला वेळ लागे. मग आली की एकदम येई. त्या पहिल्या शर्यतीत टर्बोनेच दगा दिला. धूर सोडत कडेला थांबणाऱ्या त्या पिवळ्या गाडीला इंग्रज लोक 'पिवळी चहाची किटली' म्हणू लागले.

१९७९ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला याच गाडीने पहिल्या रांगेत पहिले स्थान मिळवले. क्यालामी दीड हजार मीटरांहून उंच आहे. तेथे साध्या इंजिनांना विरळ हवेने दम लागला आणि टर्बोने आपली तूट भरून काढली. महाबळेश्वरचा हिशेब येथे उलट बाजूने कामी आला म्हणा ना. पण सपाटीवरचे दुखणे कायम होते. त्याच वर्षी रेनोने नवी गाडी आणली. तिच्यात एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन लहान टर्बो होते, तीन-तीन सिलिंडरांना एकेक. हवा एकूण तेवढीच. पण चक्रे लहान, म्हणून जडत्व पुष्कळच उतरले. १ जुलै १९७९ रोजी दिजाँ येथे, घरच्याच फ्रेंच ग्रां प्रीमध्ये, झाबुईने ती गाडी पहिली आणली. इंजिनाचा आकार बदलला नव्हता. टर्बो लहान झाले होते.

पुन्हा आपल्या शेजाऱ्याकडे वळू. त्याला आम्ही एक काम सांगितले: येत्या रविवारी मित्राला शेजारी बसवून साताऱ्याला जाऊन ये, आणि दर मिनिटाला फेऱ्यांचा काटा कोठे आहे ते मित्राला वहीत लिहू दे. आमच्या या शाळामास्तरी थाटाला तो हसला, पण गेला. वही पाहिली. शहरात १५०० ते २५००. महामार्गावर २५०० च्या आसपास. खंबाटकीच्या घाटात, मनसोक्त पळवतानासुद्धा, ३००० ते ४५००. साडेपाच हजारांच्या वर काटा सबंध दिवसात चार वेळा गेलेला.

आता त्याच्या चिठ्ठीतली तीन नावे घेऊ. गाडीवर मूळचा टर्बो जर्मनीतल्या के.के.के. कंपनीचा के-०३. तो इतका चपळ, की कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे १७५० फेऱ्यांवरच इंजिनाचा पूर्ण जोर, २१० न्यूटन-मीटर, मिळतो. आणि ४६०० नंतर तो ओसरू लागतो. चिठ्ठीतला पहिला होता के-०४ चा लहान प्रकार, जो के-०३ च्या जागी जवळजवळ जसाच्या तसा बसतो. दुसरा के-०४ चा मोठा प्रकार, ऑडीच्या २२५ अश्वशक्तीच्या गाडीवरचा. त्याला निकासाचा वेगळा मॅनिफोल्ड लागतो आणि हवेच्या नळ्याही बदलाव्या लागतात. त्या गाडीत २८० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर २२०० फेऱ्यांवर येतो आणि ५५०० पर्यंत टिकतो. तिसरा गॅरेट, बॉल बेअरिंगांवर फिरणारा, तीनशेहून अधिक अश्वशक्तीपुरती हवा सहज देणारा, फार नावाजलेला टर्बो. पण पावणेदोन लिटरच्या इंजिनावर त्याला पूर्ण दाब यायला साधारण साडेतीन हजार फेरे उलटावे लागतात. म्हणजे आपल्या तरुणाच्या वहीतल्या बहुतेक नोंदी जेथे पडल्या आहेत, त्या सगळ्या पट्ट्यात त्याची तीनशे अश्वशक्तीची गाडी मूळच्या दीडशेच्या गाडीपेक्षा सुस्त चालली असती. चार वेळा जो काटा वर गेला, त्या चार क्षणांसाठी तीन वर्षांची शिल्लक!

यावर त्याने विचारलेला प्रश्न हुशारीचा होता. "मग काका, पहिलाच घेतो आणि त्याचाच दाब खूप वाढवतो. खालीच सगळा जोर मिळेल."

येथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा थांबतो. अश्वशक्ती वेगळी आणि क्रँकला पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वेगळा. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. इंजिनाच्या पोटात पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा जो कनेक्टिंग रॉड असतो, त्याच्यावरचा दाबणारा भार टॉर्कबरोबर वाढतो. लहान टर्बोला ताणून २८०० फेऱ्यांवर ३५० न्यूटन-मीटर मिळवले, तर अश्वशक्ती भरते फक्त १४०. उलट ६००० फेऱ्यांवर २८० न्यूटन-मीटर असतील तर ती २३९ भरते. कागदावर १४० चा आकडा किती गरीब दिसतो! पण रॉडच्या जिवावर उठतो तो हाच. शिवाय खालच्या फेऱ्यांवर स्फोटाचा दाब अधिक काळ टिकतो आणि नॉकिंगही अधिक होते. या इंजिनाचे मूळचे रॉड साधारण ३५० ते ४०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान कोठेतरी वाकू लागतात, असा जाणकारांचा अनुभव आहे.

असा वाकलेला रॉड आम्ही एका गॅरेजात पाहिला आहे. त्या गॅरेजवाल्यानेच एका गिऱ्हाइकाच्या गाडीत दाब वाढवून दिला होता, आणि तोच रॉड हातात धरून तो आम्हाला म्हणाला, "पोराने गाडी नीट चालवली नाही." रॉड जेमतेम वाकडा होता, टेबलावर ठेवल्यावर उजेडाची एक बारीक फट दिसे, इतकाच. असा रॉड असताना इंजिन चालते. पिस्टन पूर्वीइतका वर जात नाही, एका सिलिंडरचा दाब कमी भरतो, गाडी किंचित थरथरते, आणि मालक स्पार्क प्लग बदलून पाहतो. मग कधी तरी महामार्गावर तो तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्या वेळी मागून ट्रक येत नसला म्हणजे मिळवली.

आमचा कौल त्यामुळे दुसऱ्याला पडला, आणि तोही जोर २२०० फेऱ्यांवर एकदम न सोडता, संगणकातून तीन हजारांपर्यंत हळूहळू चढेल असा बांधून. जेवढी हवा खरोखर लागणार आहे तेवढी देणारा सर्वांत लहान टर्बो घ्यावा, असे आम्ही त्याला सांगितले. गॅरेटच घ्यायचा तर आधी घडीव पोलादाचे रॉड घालावेत, आणि मग इंजिन उघडण्याचाच खर्च टर्बोच्या किमतीला मागे टाकतो. के-०४ ला तरी मोठे इंजेक्टर, बरा इंटरकूलर, जाड क्लच आणि संगणकाची नवी मांडणी लागतेच. चिठ्ठीवर यांपैकी कशाचीही किंमत नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली नोंदणीतील तपशील कारखानदाराच्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे लावले आहे. तेव्हा असा उद्योग शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच्या गाडीसाठी करावा, आणि त्याआधी आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत स्वतः जाऊन विचारावे. गॅरेजवाल्याच्या "सगळे चालते" यावर विसंबू नये.

त्याने जुना के-०४ कोठून तरी मिळवला. आम्ही तो हातात घेऊन पाहिला. दांडा बोटाने हलवला; आत-बाहेर हालचाल नव्हती, बाजूला किंचित होती, आणि ती असायचीच, कारण या जातीचा दांडा तेलाच्या पदरावर तरंगतो. चक्राच्या पात्यांवर ओरखडे नव्हते. टर्बो चांगला होता. परंतु तो बसवण्याआधी आम्ही इंजिनाच्या चारही सिलिंडरांचा दाब तपासायला लावला. तीन सारखे भरले, चौथा बराच कमी. मेस्त्रीने खालचे तेलपात्र उतरवले, तर तेल शोषणाऱ्या नळीच्या जाळीत काळा गाळ अर्ध्यापर्यंत साचलेला. या इंजिनाचे हे जुनेच दुखणे आहे; तेल वेळेवर बदलले नाही की ते तापून त्याचा असा गाळ होतो, आणि तेलाचा दाब उतरला की पहिला बळी टर्बोचाच जातो. आधीच्या मालकाने तेल कधी बदलले होते याची कोणतीच नोंद नव्हती.

तीन वर्षांची शिल्लक झडपा घासण्यात, रिंगा बदलण्यात, नव्या जाळीत आणि तेलपात्रात गेली. गाडी आता पूर्ण दीडशे अश्वशक्तीने चालते, आणि खंबाटकीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढते. के-०४ वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या माळ्यावर ठेवलेला आहे; दोन्ही तोंडांत फडक्याचे बोळे घातले आहेत, धूळ जाऊ नये म्हणून.